बार्शीत आलेल्या वाघाला पकडायचं की राहू द्यायचं?

नान्नजकर: 2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चारशेहून जास्त किलोमीटर चालत धाराशिवच्या येडशी-रामलिंग घाटात आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यात आला. जनावरं मारू लागला, तेव्हा त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं. पथकांना त्यानं बराच काळ गुंगारा दिला. माझ्या मते पकडायची घाईच नको होती. 2006 च्या गणनेत देशात 1411 वाघ होते, 2022 चा अंदाज 3682. महाराष्ट्रात 2018 ला 312, चार वर्षांत 444. टिपेश्वर जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर. तिथं वाढलेला नर जागा शोधत बाहेर पडणारच. बाहेर आला की भुलीचं इंजेक्शन, याला मी अर्धवट संवर्धन म्हणतो.

वैरागचा शेतकरी: आकडे चांगलेच आहेत, पण रात्री मोटार चालू करायला कोण जाणार? कृषिपंपाला रात्रपाळीची लाईट असली की ज्वारीला पाणी द्यायला आम्हीच बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं निघतो. वाघ आल्यापासून वस्तीवरची माणसं दिवस मावळायच्या आत धारा काढून दारं लावून घ्यायची. भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के, तीही मर्यादेच्या आत, पंचनाम्यानंतर. दुभती म्हैस गेली की डेअरीचं रोजचं दूध बंद. ते कुठल्या पंचनाम्यात येतं? मेळघाटात हवे तेवढे वाघ वाढू द्या. इथं नको.

नान्नजकर: दादा, दुधाचं नुकसान भरपाईत धरलंच पाहिजे. वाघाचा वावर असेल तिथल्या फीडरला (वीजवाहिनीला) दिवसा लाईट, हीही मागणी रास्त आहे. पण प्रत्येक तालुका 'इथं नको' म्हणाला तर एका जंगलातला वाघ दुसऱ्यात पोचायचा कसा? राजस्थानच्या सारिस्कातले वाघ शिकारीत संपले. आजूबाजूनं नवे येण्यासारखी वाट नव्हती, म्हणून 2008 मध्ये रणथंभोरहून उचलून आणावे लागले.

माळरान: मी वाघाच्याच बाजूनं बोलतो, तरी नान्नजकरांशी सहमत नाही. इथं त्याला जोडीला मादी नाही, सांबर-गव्यासारखं भक्ष्य नाही. मग तो गोठ्याकडेच वळणार आणि एक दिवस कुणीतरी मेलेल्या जनावरात विष घालणार. सह्याद्री 2010 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. चांदोली-कोयनेचं सलग जंगल आहे आणि वाघांचीच वानवा. तिथं नेला तर वंश वाढेल. शिवाय सोलापूरचं खरं धन माळ आहे. 1979 मध्ये नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज तो पक्षी जवळपास दिसतच नाही. लांडगे, काळवीट अजून आहेत. पैसा आणि माणसं त्यांच्यासाठी लावा.

नान्नजकर: माळासाठी पैसा हवाच. पण सह्याद्रीत सोडलेला वाघही महिनाभरात उठून चालायला लागू शकतो. त्याच्या वाटेतल्या गावांची तयारी करावीच लागेल.

वैरागचा शेतकरी: मग ती तयारी आधी करा. दिवसा लाईट, आठ दिवसांत भरपाई, आणि वाघ कुठं आहे याचा त्याच संध्याकाळी गावाला फोन. एवढं झालं की पुढचं बोलू.