मेन्त्सेलने इतिहासचित्रे का सोडली?

प्रश्न (वडोदरा) : लक्ष्मी विलास राजवाड्यातील राजा रविवर्मा यांची पौराणिक चित्रे पाहत मी लहानाची मोठी झाले. आता आमच्या वाचकमंडळात जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्त्सेल (१८१५–१९०५) याच्यावर मला टिपण वाचायचे आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक १७८६ मध्ये वारला. त्यानंतर २९ वर्षांनी जन्मलेल्या माणसाने त्याचा दरबार डोळ्यांदेखत पाहिल्यासारखा कसा रंगवला? आणि पुढे तो लोखंडाच्या कारखान्याकडे का वळला?

प्रतिसाद १ : ताई, मेन्त्सेलच्या वडिलांचा ब्रेस्लाउ (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे शिळाछापखाना होता. १८३० मध्ये कुटुंब बर्लिनला आले, दोनच वर्षांत वडील वारले आणि सोळा वर्षांच्या मुलावर घराचा भार पडला. पुढे इतिहासकार फ्रान्झ कुग्लर यांच्या फ्रेडरिकचरित्रासाठी त्याने १८३९ ते १८४२ या काळात सुमारे ४०० चित्रे काढली, जी लाकडी ठशांवर कोरून छापली गेली. त्यासाठी जुने गणवेश, शस्त्रे आणि दालने यांचा त्याने जो बारकाईने अभ्यास केला, तोच पुढच्या मोठ्या चित्रांना पुरला. फ्रेडरिकच्या सांसूसी राजवाड्यातील बासरीवादनाच्या चित्रात (१८५०–५२) राजा वाजवतो आहे, उजव्या टोकाला त्याचे बासरीगुरू क्वान्ट्स उभे आहेत आणि डावीकडचा एक श्रोता छताकडे पाहतो आहे. कंटाळलेला दरबारी रंगवण्याचे हे धैर्य मला राजाच्या चित्रणापेक्षाही मोलाचे वाटते.

प्रतिसाद २ : त्याने १८५६ मध्ये होखकिर्ख येथे ऑस्ट्रियन सैन्याने फ्रेडरिकच्या छावणीवर केलेला रात्रीचा हल्ला, म्हणजे राजाचा पराभवच, रंगवला, हेही टिपणात असावे, मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. लॉयथनच्या लढाईपूर्वी फ्रेडरिक सेनापतींशी बोलतो आहे, ते चित्र मात्र अपुरेच राहिले, कारण १८६१ मध्ये प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म याच्या राज्याभिषेकाच्या चित्राचे काम त्याच्याकडे आले आणि शंभरांहून अधिक उपस्थितांचे चेहरे रंगवण्यात १८६५ साल उजाडले. त्यानंतर तो फ्रेडरिककडे परतला नाही. तरीही त्याने बारकाईने अभ्यास करण्याची आपली रीत सोडली असे मी म्हणणार नाही : १८७२ मध्ये क्योनिग्सह्युटे (आजच्या पोलंडमधील खोझूव) येथील लोखंडाच्या कारखान्यात बसून त्याने असंख्य रेखाटने केली आणि त्यांतून १८७५ मध्ये ‘लोखंड लाटण्याची गिरणी’ हे चित्र पूर्ण केले. त्यात एका कोपऱ्यात कामगार जेवत आहेत, दुसऱ्या बाजूला काही जण अंग धूत आहेत.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. छताकडे पाहणारा श्रोता आणि जेवणारे कामगार ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच मी टिपण वाचेन.