हातवारे, हावभाव की खाणाखुणा?

ऐरोलीकर: आम्ही चौघीजणी दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये अमराठी शेजाऱ्यांना मराठी शिकवतो. त्यावर लेख लिहितेय, त्यात 'शब्द अडला की हातवारे करतात' असं लिहिलं तर आमच्यातल्या काकू म्हणाल्या, हातवारे भांडणात करतात, हावभाव लिही. पण हावभाव म्हटलं की आधी चेहरा येतो ना? परवा एक मल्याळी ताई सांगत होत्या, 'कपडे धुतले, मग...' आणि दोन्ही मुठी उलटसुलट फिरवल्या. मी म्हटलं 'पिळले', तर त्यांनी मुठी न सोडता तीनदा घोकून घेतलं. याला काय म्हणायचं?

कळवेकर: हातवारेच. माझ्या आजीचे हात धरून ठेवले असते तर तिला बोलताच आलं नसतं आणि ती जन्मात कुणाशी भांडली नाही.

नौपाडा: करपल्लवी इतका सुंदर शब्द असताना कुणाला आठवत नाही. नेत्रपल्लवी चालते, मग करपल्लवीनेच काय घोडं मारलंय?

घणसोलीकर: करपल्लवी म्हणजे ठरवून केलेली बोटांची भाषा, तिऱ्हाइताला कळू नये म्हणून. इथे तर समोरच्याला कळावं म्हणून आटापिटा चाललाय. सरळ जेश्चर लिहा, सगळ्यांना कळतं.

नौपाडा: जेश्चरच लिहायचं तर मराठीचा वर्ग कशाला? आणि हातवारे म्हणजे हाताचे वार, शब्दातच मारामारी आहे.

कळवेकर: वार कुठून आणलात, वारा आहे तो! हात हलला की सुटतो तो.

ऐरोलीकर: थांबा, मला आता 'शब्द अडला की' हेच खटकायला लागलंय. वर्गातला एक मुलगा 'मी काल बँकेत जातो' म्हणाला आणि हात खांद्यावरून मागे नेला. शब्द कुठे अडला होता? क्रियापदाचा काळ चुकला आणि हाताने बरोबर सांगितला. अभ्यासकही हेच म्हणतात, नव्या भाषेत माणसं हात जास्त हलवतात ते नुसतं न सुचलेल्या शब्दासाठी नाही, व्याकरण सांभाळायला, 'माझं बोलणं संपलं नाही' हे कळवायलाही. आणि १९९८च्या एका संशोधनात जन्मांध मुलंसुद्धा बोलताना हात हलवताना दिसली, तेही समोरचा अंध आहे हे माहीत असताना. मग खाणाखुणाही बसत नाही, खूण दुसऱ्याला दिसावी म्हणून करतात.

घणसोलीकर: खुणेवरून आठवलं, वाशीच्या मार्केटात आंब्याचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, लहानपणी वडिलांबरोबर जाऊन बघितलाय.

नौपाडा: हीच ती करपल्लवी!

कळवेकर: मार्केटात त्याला हत्ता म्हणतात. चालू शब्द आहे, तो का सोडायचा?

घणसोलीकर: वडीलही हत्ताच म्हणायचे. कुठलं बोट दाबलं की किती भाव, ते मात्र कितीदा विचारलं तरी सांगितलं नाही त्यांनी.