ताब्लेआचं करायचं काय?

खाडीकाठची:
नवरा बोटीवर असतो. यावेळी निघताना बोटीवरच्या, फिलिपिन्समधल्या सेबूच्या कुकने दहा चकत्या कागदात गुंडाळून दिल्या. पेढ्याएवढ्या, काळ्याकुट्ट. म्हणे 'ताब्लेआ'. लेकाने चॉकलेट समजून कडकन चावली आणि थू थू करत मोरीकडे पळाला. मी एक गरम दुधात ढवळली, तर तळाशी रवाळ गाळ आणि वर तुपाचे डोळे. खराब झाल्यात का हो?

दावावरिटर्न:
अहो, टाकू नका! मी सहा वर्षं फिलिपिन्सलाच, दावाव शहरात डॉक्टरकी शिकायला होते, कोकोची लागवड तिकडेच जास्त. ही चावायची वडी नाही, उकळायची. कोकोच्या बिया भाजून, सोलून, दळून थापतात, बस्स. साखर बहुतेक नसतेच. तुपाचे डोळे म्हणजे कोकोचंच लोणी. थोडा गाळ राहतोच.

दूध नंतर. आधी कपभर पाण्यात दोन चकत्या मंद आचेवर विरघळवा, मग साखर. आणि चमचा ठेवा बाजूला, रवी काढा. तिकडे 'बातिरोल' असते, आपली लाकडी रवीच ती. दोन तळव्यांत धरून घुसळायची, फेस येईपर्यंत. सेबूत या पेयाला सिक्वाते म्हणतात. सोबत नारळाच्या दुधातला, आलं घातलेला चिकट भात आणि पिकलेला आंबा. आंब्याबद्दल मी तिथे कुणाशी वाद घातला नाही, परीक्षा पास व्हायची होती.

खरी मजा चांपोरादोत. चिकट तांदूळ गुरगुट्या शिजवून त्यात ताब्लेआ, साखर, वरून दुधाची धार. पाऊस लागला की घरमालकीण सकाळीच करायची, आणि शेजारी तळलेला खारा सुका मासा, तुयो.

बटाटेवडा_६२:
खिरीबरोबर सुकी मासळी?? राम राम.

दावावरिटर्न:
काका, पहिल्या दिवशी मीही हेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी मासा मागून घेतला.

जुनीपानं:
कोको तिकडे मेक्सिकोहून स्पॅनिश गलबतांतून गेला. तिकडचे लेखक रिझाल यांच्या १८८७च्या 'नोली मे तांगेरे' कादंबरीत एक पाद्री आहे. पाहुणा पाहून नोकराला हाक मारतो: 'चॉकलेट, ए!' म्हणजे दाट, 'आ!' म्हणजे पाणचट.

खाडीकाठची:
केलं! चिकट तांदूळ नव्हता, इंद्रायणी घेतला. तुयोऐवजी सुके बोंबील कुरकुरीत तळले. लेकाने खीर चाटूनपुसून संपवली, बोंबील सासऱ्यांनी. उरल्या पाच चकत्या. नवऱ्याला मेसेज गेलाय.