आरटीईच्या २५ टक्के जागा म्हणजे व्हाउचरच का? बडोद्यातल्या शाळांचा हिशेब

कारेलीबागकर

नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या (म्हणजे महापालिकेच्या) शाळा बंद करा, तोच पैसा पालकांच्या हातात व्हाउचर म्हणून, म्हणजे हव्या त्या शाळेत फीपोटी चालणारं कुपन म्हणून द्या, शाळा आपोआप सुधारतील, असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी लिहितं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं की आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा हे व्हाउचरच आहे, आणि त्याने काय दिवे लागले? या दोन्हींत तथ्य किती? पैसा नेमका कोणाकडून कोणाकडे जातो?

शिवाय एक रोकडा प्रश्न आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलाला पुढच्या मे महिन्यात सहा पूर्ण होतील. घरी मराठी बोलतात. आरटीईचा फॉर्म भरावा की समितीच्या मराठी शाळेत घालावं?

जमाखर्च

आधी पैशाचं बघू, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे.

आरटीई कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १२(१)(ग) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेने पहिलीच्या पटाच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या. त्यांचा खर्च सरकार शाळेला भरून देतं, पण त्याला कात्री आहे: सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची खरी फी, यांपैकी जे कमी असेल तेवढंच. गुजरातने ही वरची मर्यादा वर्षाला १३,००० रुपये धरली आहे. पालकांच्या बँक खात्यात वर्षाला ३,००० वेगळे येतात, दप्तर, गणवेश, बूट, ये-जा यांसाठी.

आता दोन शाळा घ्या. पहिल्या शाळेची फी ९,००० आहे, तिला ९,००० मिळतात. ठरलेली रक्कम, वसुलीची कटकट नाही, वर्ग भरलेला. अशा शाळा आरटीईची मुलं मागून घेतात. दुसऱ्या शाळेची फी ६०,००० आणि वर्ग ४० मुलांचा. दहा जागा आरटीईच्या. दर मुलामागे ४७,००० ची तूट, म्हणजे ४,७०,०००. उरलेल्या ३० पालकांवर वाटली तर डोक्यावर साडेपंधरा हजारांच्या वर. संचालक हाच आकडा पुढे करतात. तो चूक नाही, पण अर्धा आहे. वर्गात ३० मुलं असोत की ४०, शिक्षिका तीच, खोली तीच, वीजही तीच. जागा एरवी रिकामी राहणार असेल तर १३,००० हा जवळजवळ निव्वळ फायदा. तूट खरी तिथेच, जिथे दारात भरलेल्या फीची रांग उभी आहे.

आणि ही तूट फीमध्ये मनमानी चढवताही येत नाही. २०१७ च्या फी नियमन कायद्याने प्राथमिकसाठी १५,००० ही रेषा आखली. तिच्या वर फी घ्यायची तर हिशेब घेऊन फी नियमन समितीपुढे जावं लागतं. राज्यात अशा चार विभागीय समित्या आहेत, त्यांतली एक आपल्या बडोद्यात. म्हणजे सरकार एका हाताने फीवर झाकण ठेवतं आणि दुसऱ्या हाताने पाव वर्ग १३,००० त भरतं. धोरणाचा खरा परिणाम या दोन आकड्यांच्या कात्रीत आहे. 'व्हाउचर हवं की नको' ही चर्चा त्यानंतरची.

म्हणून आरटीई हे व्हाउचर आहे, पण लंगडं. पैसा मुलामागे जातो खरा, पण पालक तो हातात घेऊन शाळा बदलू शकत नाहीत. सोडतीत लागली ती शाळा.

सोडतवाला

ताईंच्या मुलाबद्दल. वय १ जूनला सहा पूर्ण हवं, ते बसतंय. पहिलीत आधीच कुठे दाखल केलेलं नसावं. पुष्कळ जण 'तोवर घालून ठेवू' म्हणतात आणि अपात्र ठरतात.

फॉर्म ऑनलाइन असतो, भरायला पैसे लागत नाहीत. सायबर कॅफेवाले घेतात तो त्यांचा धंदा. अडकतं ते बहुतेक ठरलेल्या जागी. पहिली म्हणजे भाडेकरार. नोटरी केलेला चालत नाही, रजिस्टर झालेलाच लागतो. घरमालक त्याला तयार होत नाहीत, तेव्हा आधार, रेशनकार्ड याच पत्त्यावर आहे का ते आत्ताच बघा. जुना पत्ता असेल तर बदलायला दिवाळीनंतरचे महिने बरे, फेब्रुवारीत केंद्रांवर मुंगी शिरायला जागा नसते. दुसरी, उत्पन्नाचा दाखला मामलतदार किंवा तसल्या सक्षम अधिकाऱ्याचाच, मालकाच्या पगारपत्रकावर भागत नाही. आयकर रिटर्न भरत नसतील तर तसं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. तिसरी, नकाशावरची खूण. फॉर्ममध्ये घर नकाशावर दाखवावं लागतं, आणि जवळच्या शाळांची यादी त्या खुणेवरून येते. खूण कॅफेच्या दारावर राहिली की यादी कॅफेच्या आसपासची.

मोबाइलने काढलेले तिरके फोटो चढवू नका. दाखल्याचा शिक्का किंवा क्रमांक वाचता आला नाही की तपासणीत फॉर्म उडतो.

उत्पन्नाची मर्यादा २०२५ मध्ये ६ लाख केली, शहर-गाव दोन्हीकडे. आधी शहरात दीड लाख आणि गावात १ लाख २० हजार होती. वर्तमानपत्रांत कौतुक झालं, पण मर्यादा वाढली म्हणजे जागा वाढल्या नाहीत. महिना आठ-दहा हजारांचं घर आता चाळीस-पन्नास हजारांच्या घरासोबत त्याच सोडतीत. प्रवर्गांचा अग्रक्रम तेवढा वाचवतो: अनाथ मुलं, दिव्यांग मुलं, एकुलती एक मुलगी, सरकारी अंगणवाडीतली मुलं वगैरे. मुलगा अंगणवाडीत जात असेल तर तिथलं प्रमाणपत्र जरूर घ्या. खासगी बालवाडीत जाणाऱ्याला हा फायदा नाही, आणि ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळते.

यादीत कॉन्व्हेंट दिसत नाहीत म्हणून दचकू नका. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई लागू नाही. विनाअनुदानितांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने वगळलं, अनुदानितांना २०१४ च्या प्रमती निकालाने. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमतीबद्दलच शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवलं आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, फॉर्म आजच्या यादीवरच भरायचा.

माजलपूर_१९०६

नावातला आकडा बडोदेकरांना सांगायला नको: सयाजीराव महाराजांनी अमरेलीत १८९३ मध्ये प्रयोग करून १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण नेलं. तेव्हा सरकारने शाळा उघडल्या, कुपनं वाटली नाहीत. असो.

व्हाउचरने 'शाळा आपोआप सुधारतात' याला आपल्याकडचा सर्वांत नेटका पुरावा आंध्रचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा अभ्यास, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सोडत दोनदा काढली: आधी गावांची, मग मुलांची. त्यामुळे व्हाउचर न मिळता सरकारी शाळेत मागे राहिलेल्यांवर काय परिणाम झाला तेही मोजता आलं. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली आणि सरकारी शाळेतली मुलं सारखीच. हिंदीत खासगीवाली पुढे. खासगी शाळा तेलुगू-गणिताला कमी तास देऊन बाकी विषयांना देत होत्या, आणि दर मुलामागे सरकारी शाळेच्या साधारण एक तृतीयांश खर्चात हे करत होत्या. मागे राहिलेल्या मुलांचं नुकसान नाही, फायदाही नाही. स्पर्धेने सरकारी शाळा सुधारेल हे तिथे तरी दिसलं नाही. स्वस्त पडतं, हे मात्र दिसलं, आणि ते मी लपवणार नाही.

चिलीने १९८१ पासून देशभर व्हाउचर चालवलं. शाळांना मुलं निवडायची आणि वरून फी घ्यायची मुभा होती, त्यामुळे मुलं घरच्या ऐपतीप्रमाणे वेगळी पडत गेली. २००८ मध्ये गरीब मुलांसाठी जादा रक्कम सुरू झाली, २०१५ मध्ये निवड, वरची फी आणि नफा यांवर बंदीचा कायदा आला. सोडत कोणाची, वरून पैसे घेता येतात का, हे ठरवल्याशिवाय 'व्हाउचर' या शब्दाला काही अर्थ नाही.

कारेलीबागकर

सगळ्यांचे आभार. आरटीई आठवीपर्यंतच ना? मग नववीत काय?

जमाखर्च

बरोबर पकडलंत. कायदा ६ ते १४ वयापुरता. नववीच्या जूनमध्ये तीच शाळा पूर्ण फी मागते, आणि आठ वर्षं तिथे काढलेलं पोर बाहेर पडतं. गुजरातने त्यावर ज्ञान साधना शिष्यवृत्ती आणली आहे. आठवीत परीक्षा, आणि आरटीईतून शिकलेली मुलंही बसू शकतात. पण परीक्षा म्हणजे सगळ्यांना नाही. सोडतीने आत आलेलं मूल गुणांच्या चाळणीने पुढे जाणार, त्यामुळे तयारी सातवीपासून हवी.

समितीच्या शाळेतल्या मुलांसाठी याच्या आधीचा रस्ता आहे, ज्ञान सेतू. पहिली ते पाचवी सरकारी किंवा ग्रांटेड शाळेत शिकलेल्यांना पाचवीत परीक्षा. निवड झाली आणि खासगी शाळा घेतली तर सहावी ते आठवी वर्षाला २०,०००. आरटीईच्या १३,००० पेक्षा जास्त, हे लक्षात घ्या. अस्सल व्हाउचर हेच. मात्र सरकार आपल्याच शाळेतली हुशार मुलं पैसे देऊन बाहेर पाठवतं, आणि पाचवीच्या वर्गात मागे कोण उरतं याचा हिशेब कोणी मांडत नाही.

सोडतवाला

ताईंसाठी मी एवढं सांगेन: फॉर्म भरा, पण इंग्रजी माध्यमाच्या नावावर भुलून पहिली पसंती देऊ नका. आंध्रच्याच अभ्यासात मातृभाषेच्या माध्यमातल्या खासगी शाळांत गेलेली मुलं बरी राहिली असा संकेत आहे. घरी इंग्रजीचा अभ्यास घेणारं कोणी नसेल तर तिसरीत पोर गप्प होतं.

समितीची मराठी शाळा बघायला जाल तेव्हा रंगरंगोटी बघू नका, पट विचारा. आरटीईच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. पट ९५ वरून ५८ वर आला की चाराचे दोन होतात, वर्ग मात्र पाचच राहतात. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला गेला (निवडणूक आणि जनगणनेची कामं कायद्यानेच चालतात) की पाचही वर्ग एका खोलीत. पटावर ९० च्या वर मुलं आणि प्रत्यक्ष हजर चार शिक्षक असतील, तर ती शाळा मी १३,००० वाल्या कुठल्याही गल्लीतल्या इंग्रजी शाळेच्या आधी धरीन.