'लाइफ इज स्ट्रेंज' पाच भागांत का आला, आणि शेवटावर एवढी नाराजी का?

धरमपेठकर: मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून कूलरपुढे बसून हा गेम मी चार दुपारींत संपवला. कथा आवडली, मात्र दर भागाअखेरीस येणारे 'क्रमशः' मला अकारण वाटले. २०१५ साली तो एकत्रच का दिला गेला नाही, आणि पाचव्या भागावर इतकी टीका का झाली? शेवट उघड करू नये ही विनंती, कारण धाकटी बहीण अजून तिसऱ्या भागात आहे.

सीताबर्डीचा खेळगडी: हा गेम पॅरिसच्या डोन्टनॉड स्टुडिओने बनवला. त्यांचा २०१३ मधला पहिला गेम 'रिमेंबर मी'. त्यात दुसऱ्याच्या स्मृतीत मागेपुढे जाऊन एखादा तपशील बदलण्याची मोजकी दृश्ये होती, आणि या गेमची नायिका मॅक्स हिची काळ मागे नेण्याची शक्ती त्याच कल्पनेतून वाढली. इतर प्रकाशकांना नायिकेच्या जागी नायक हवा होता. स्क्वेअर एनिक्सने ती अट घातली नाही. गेमचे वेगवेगळे भाग करण्यामागे खर्चाचा आणि प्रसिद्धीचा हिशेब होता, तसाच कथनाचाही. पहिला भाग ३० जानेवारीला आला आणि पाचवा २० ऑक्टोबरला, म्हणजे तेव्हाच्या खेळाडूंनी जवळपास नऊ महिने तर्क लढवले. प्रत्येक भागानंतर जगभरच्या खेळाडूंनी काय निवडले याची टक्केवारी दिसते. तिची खरी गंमत त्या प्रतीक्षेत होती, ती आपल्या वाट्याला आली नाही.

महालातला वाचक: प्रतीक्षेला एवढे श्रेय देणे मला पटत नाही. ओठांची हालचाल संवादांशी जुळत नाही आणि किशोरवयीनांची बोली ओढूनताणून आणलेली वाटते, हे आक्षेप पहिल्या भागापासूनच होते. तरीही २०१६ मध्ये कथेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. दुसऱ्या भागाअखेरचा वसतिगृहाच्या गच्चीवरचा प्रसंग आठवा: तोवर प्रत्येक चूक मागे जाऊन पुसता येत होती, आणि नेमकी तिथेच मॅक्सची शक्ती संपते. गच्चीच्या कडेवर जीव द्यायला उभी असते ती मॅक्सची मैत्रीण केट. तिची खोली आपण किती लक्ष देऊन पाहिली, तिचा फोन उचलला की नाही, यावर तिच्याशी काय बोलता येईल हे ठरते. शेवटाबद्दलचा राग इथूनच येतो, कारण इतक्या बारीक निवडींना वजन देणारा गेम अखेरीस, आधी काहीही केलेले असो, तेच दोन पर्याय समोर ठेवतो. मला स्वतःला तो शेवट योग्य वाटला, पण फसवले गेल्याची भावना समजू शकतो.

सीताबर्डीचा खेळगडी: ते मान्य. एक व्यवहाराची गोष्ट राहिली: अपुरी मालिका विकत घेणे जोखमीचे असते. सप्टेंबर २०१८ मध्ये असेच भागांचे गेम काढणाऱ्या टेलटेल स्टुडिओने बहुतेक कर्मचाऱ्यांना काढले, तेव्हा त्यांच्या 'द वॉकिंग डेड' या गेमचा अंतिम सीझन अर्ध्यावर होता. उरलेले दोन भाग स्कायबाउंड या कंपनीने पूर्ण करून घेतले. सगळ्याच मालिकांना असा वाली मिळत नाही.

धरमपेठकर: दोघांचेही आभार. बहिणीला आत्ताच विचारले. मॅक्सची जिवलग मैत्रीण क्लोई रागावेल म्हणून तिने केटचा फोन उचललाच नव्हता, आणि गच्चीवरून केटला परत आणणे तिला जमले नाही. दोन दिवस ती तिसरा भाग का उघडत नव्हती, ते आता कळले.