साक्षीच्या पिंजऱ्यात नकाब: तोंड दाखवायलाच हवं का?

गिरगावकर
डिसेंबर 2024 मध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाख उच्च न्यायालयाने सांगितलं की महिला वकिलाला चेहरा झाकून बाजू मांडता येणार नाही, बार कौन्सिलच्या पोशाखाच्या नियमांत ते बसत नाही. वकिलांचं ठीक आहे, काळा कोट चढवला की नियम आलेच. माझा प्रश्न साक्षीदाराचा. ती बिचारी समन्स आलं म्हणून आलेली असते. तरीही माझं मत असं की शपथ घेतली की नकाब वर करावा. साक्षीदार कसा वागतो-बोलतो यावर शेरा लिहिण्याची सोय जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 280 मध्येच होती. तोंडच दिसलं नाही तर शेरा कसला? हिजाब, टोपी, पगडी, गंध यांच्याशी मला देणंघेणं नाही.

स्टेनोभाऊ
चेहऱ्याचं राहू द्या, आवाजाचं बोला. वर पंखा घरघरतोय, खिडकीखाली बेस्टची बस हॉर्न मारतेय, आणि नकाबाआडून ‘हो’ आलं की ‘नाही’ तेच कळत नाही. साहेब म्हणतात ‘जोरात बोला’, ती आणखीच दबते. मग दोन्ही वकील उठतात, ‘ती असं म्हणालीच नाही’. टाइप करणाऱ्याचे हाल कुत्रा खाईना.
आणि गिरगावकर, तो शेरा लिहिलेला मी क्वचितच पाहिलाय. साक्ष घ्या, सही घ्या, पुढचा पुकारा.

माहीमची वकील
स्टेनोभाऊ, नेमकं बोललात. साक्ष एका जजसाहेबांनी घ्यायची, मग त्यांची बदली, निकाल लिहिणार दुसरेच. कायद्याला ते चालतं. अपील तर कागदावरच चालतं. तिथे कुणी कुणाचं तोंड बघितलेलं असतं? करोनात मास्क लावून साक्षी झाल्या, तेव्हा न्याय कुठे बुडाला?
मी स्वतः नकाब घालत नाही, आई घालते. चारचौघांत तो काढायला लावला तर ती खरं सांगायला येणार नाही, घरीच बसेल. आणि पडदा पाळणाऱ्या बायकांची दखल काही आज घेतली जात नाहीये. रूढीप्रमाणे जिला लोकांत यायला भाग पाडू नये, अशा बाईला कोर्टात जातीने हजर राहण्यापासून सूट आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 132 वाचा. त्यात धर्म लिहिलेला नाही.

घाटकोपर फास्ट
इतके चोचले कशाला? कोर्टात सगळ्यांचंच सगळं बंद करा, विषय संपला.

माहीमची वकील
@घाटकोपर फास्ट, मग टिकलीही बंद? चेंबूरच्या कॉलेजच्या हिजाबबंदीत सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये असाच प्रश्न कॉलेजला विचारला होता.

गिरगावकर
त्याच आदेशात वर्गात बुरखा नको, हेही होतं. तेवढं गाळू नका.
आणि ताई, कलम 132 दिवाणी दाव्याचं. मी फौजदारीचं बोलतोय. एखाद्याला तिच्या शब्दावर दहा वर्षं आत जायचंय. उलटतपासणीत प्रश्न अडला की साक्षीदार आधी कुणाकडे बघतो, हे आरोपीच्या वकिलाला दिसायला नको? लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स क्राउन कोर्टात 2013 साली जज पीटर मर्फी यांनी आरोपी बाईला खटलाभर नकाब ठेवू दिला. फक्त स्वतःची साक्ष देताना काढायचा, तोही हवा तर इतरांपासून आडोशाला. मला तेवढंच हवंय.

माहीमची वकील
ती आरोपी होती हो, काका. अत्याचार झालेल्या मुलीची गोष्ट वेगळी. कॅनडात नकाब ठेवूनच साक्ष द्यायची म्हणणाऱ्या ज्या तक्रारदार बाईचं प्रकरण 2012 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिचे आरोपी मामा-काका, चुलत-मामेभाऊ अशा नात्यातलेच होते. बहुमताने सरसकट ‘काढा’ म्हटलं नाही, सरसकट ‘ठेवा’ही नाही. साक्षीच्या त्या भागावर वाद आहे का, दुसरा मार्ग निघतो का, हे प्रत्येक खटल्यात बघा म्हणाले. वाद फक्त बँकेच्या स्लिपवरच्या सहीचा असेल तर चेहरा कशाला हवा? ओळख पटवायला महिला शिपाई बाजूच्या खोलीत बघेल. वाद खरोखर तिच्या शब्दाचा असेल तर पडदा लावा, फक्त जज आणि वकील बघतील. आणि आधी तिला विचारा.

गिरगावकर
विचारा, पण ‘नाही’ म्हणाली तर? शेवटचा शब्द जजचाच हवा.

माहीमची वकील
जजचाच. पण कारण लिहून.

स्टेनोभाऊ
लिहायचं म्हणजे पुन्हा मीच. पडद्याचं मात्र आधी बघा. आमच्याकडचा पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यासाठी आणलेला आहे, स्टँड डुगडुगतो, आणि मागे बसलेल्याचा आवाज त्याहून कमी येतो. माईकसाठी अर्ज कुणी करणार का?