मालवण ते मिनेसोटा (फॅमिली ग्रुप)

*सोमवार*

निलूआते (पुणे): सचिन, सई फोनवर म्हणाली गुरुवारी तुम्ही जंगलात चाललात, कनूतून, म्हणजे त्या वल्ह्याच्या हलक्या होडीतून. तिथे फोन लागत नाही म्हणे. चौदा वर्षांच्या पोरीला घेऊन? आणि हे मला पोरीकडून कळतंय!

सचिनदादा (मिनियापोलिस): आते, गेल्या महिन्यात ग्रुपवरच टाकलं होतं, वर बघ. बाउंड्री वॉटर्स, मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून. हजाराहून जास्त तळी आहेत. आत रस्ता नाही, बहुतेक तळ्यांवर मोटरबोट चालत नाही. एली गावापर्यंत गाडीने चार-साडेचार तास, पुढे सगळं वल्ह्यावर.

निलूआते: वर कुठे बघू? वर चाळीस गुड मॉर्निंग आहेत. फोन लागत नाही तिथे जायचंच कशाला?

मंदार (पुणे): दादा, बिअरचे कॅन किती नेतोयस ते सांग आधी 😄

सचिनदादा: एकही नाही. आत कॅन आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे.

मंदार: मग आतेचं बरोबर आहे. जायचंच कशाला 😂

उमाकाकी (मालवण): सचिन, पितृपक्ष चालू आहे. घरात आजोबांची तिथी व्हायचीय आणि तू मासे मारायला जाणार?

सचिनदादा: काकी, तिथीला आम्ही घरीच असू. सुजाता पान वाढणार आहे. पण तारीख माझ्या हातात नाही. लेक ट्राउटचा हंगाम ३० सप्टेंबरला बंद होतो, नंतर तो मासा विणीला खडकाळ उथळावर येतो म्हणून. मुक्कामाचं कोट्याचं, म्हणजे ठरावीक संख्येतच मिळणारं परमिटही ३० तारखेपर्यंतच असतं. ऑक्टोबरपासून परमिट आपलं आपण भरायचं, पण थंडी वाढते, सईला जड जाईल.

निलूआते: फोन लागत नाही तिथे जायचंच कशाला, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सुजातावहिनी (मिनियापोलिस): आते, सॅटेलाइटचं यंत्र भाड्याने घेतलंय. रोज संध्याकाळी मला मेसेज येईल, मी इथे टाकेन. त्यावर एसओएसचं बटणही आहे.

मंदार: अस्वलं आहेत ना तिथे?

निलूआते: अस्वलं???

सुजातावहिनी: मंदार, गरज होती का?

सचिनदादा: काळी अस्वलं आहेत, पण त्यांना आपण नको असतो, आपलं अन्न हवं असतं. सगळं खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून लांब. अस्वलाची भीती मला नाही. सप्टेंबरअखेर भीती असते ती वाऱ्याची आणि गार पाण्याची. कनू उलटली तर पहिल्या मिनिटात धाप लागते, दहाएक मिनिटांत बोटं वळत नाहीत. पट्टीचा पोहणारासुद्धा हतबल होतो. सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती केलंय.

मोठे काका (मालवण): सचिन. तळा म्हणजे दर्यापेक्षा सोपा, असा नाय हां. आखूड लाट होडयेक जास्त हलयता. जाकेट आंगातच व्हया. होडयेत ठेवून उपयोग नाय.

सचिनदादा: हो काका. कायद्याने प्रत्येकाला एक जाकीट होडीत असलं की पुरतं, पण आमचं पाण्यावर असेपर्यंत अंगावरच राहणार. वल्हवायचं सकाळी, वारा उठायच्या आत. किनारा धरून जायचं, मधून कापायचं नाही. आणि शेवटचा एक दिवस मोकळा ठेवलाय. ऑफिसला सांगितलंय, मंगळवारी आलो तर आलो. "सोमवारी कामावर हजर व्हायचंय" म्हणून लोक वाऱ्यात कनू घालतात.

मोठे काका: ह्या बरा केलंस. पाण्याक घड्याळ दाखवचा नाय.

विनायककाका (मुंबई): ट्रिप छान आहे. खर्च किती येतो साधारण? सहज विचारतोय. मालवणच्या घराच्या कौलांचे पैसे जूनपासून दोघांचे बाकी आहेत, म्हणून आठवलं.

मंदार: सहज 🙂

सचिनदादा: विनायककाका, माझा हिस्सा मे महिन्यात पाठवलाय. पावती ग्रुपवर आहे.

विनायककाका: तुझं नाव मी घेतलं का?

मंदार: 🚫 हा मेसेज डिलीट केला गेला

उमाकाकी: कौलांचं दिवाळीला बोलू. सचिन, सईला लोकरीचे मोजे दे. सुती नको.

*शुक्रवार*

सुजातावहिनी: मेसेज आला: "लेक थ्रीवर पोचलो. दोघं ठीक. वारा कमी."

निलूआते: फक्त एवढंच? जेवले का?

सुजातावहिनी: आते, त्या यंत्रावर जेवढ्यास तेवढंच लिहितात.

मंदार: लेक थ्री? नावं संपली की काय तिथली

सुजातावहिनी: लेक वन, टू, थ्री, फोर अशी ओळच आहे. वन आणि टूच्या मध्ये कनू डोक्यावर घेऊन चालावं लागतं, पुढे फोरपर्यंत पाण्यातूनच वाट. म्हणून सईसाठी हा मार्ग निवडला. केव्हलारची (हलक्या पण मजबूत धाग्याची) कनू १९ किलोच्या आसपास असते, दादा एकटा उचलतो.

*शनिवार*

सुजातावहिनी: "वारा जोरात. आज हललो नाही. उद्याही बघू. ठीक आहोत."

निलूआते: मी सोमवारीच म्हटलं होतं. फोन लागत नाही तिथे जायचंच कशाला.

मोठे काका: निलू, हलले नाय हीच चांगली बातमी. बस गप.

निलूआते: दादा, तुम्हाला काय, तुम्ही कायम त्याचीच बाजू घेता.

*मंगळवार*

सचिनदादा: घरी पोचलो. सगळ्यांना नमस्कार. फोटो सई टाकतेय.

सई: हाय सगळ्यांना!! आते, मी जेवले, रोज 😀 पहिला मासा मी पकडला, वॉलाय. लेक टू आणि थ्रीच्या मध्ये अरुंद जागा आहे, तिथे पाणी वाहतं. संध्याकाळी उजेड जाताना जिग (वजन लावलेला गळ) तळाला टेकवून हळूच उचलायची. ओढ लागली तर वाटतं गवतात अडकलंय, मग ते गवत डोकं हलवतं! बॅटरी मारली तर डोळे आरशासारखे चमकतात.

मोठे काका: शाब्बास गो बाय! मोठो मासो कोणाक गावलो?

सई: बाबाला नॉर्दर्न पाइक. त्याचे दात दोरा कापतात म्हणून पुढे स्टीलची तार लावतात. मोजला तर ३१ इंच, मग सोडून दिला. त्या भागात ३० ते ४० इंचांचा पाइक ठेवता येत नाही, सोडावाच लागतो.

मंदार: एवढा मोठा मासा सोडला??

सचिनदादा: अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या त्याच मापात असतात रे. त्या राहिल्या तर तळ्यात मासा राहील.

मोठे काका: बरोबर. आमच्याकडे ह्या कोणी ऐकला असता तर आज पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यावाल्यांशी भांडाची पाळी इली नसती.

विनायककाका: काका, पर्ससीनचा विषय ग्रुपवर नको, प्लीज. मागच्या वेळी दोघे ग्रुप सोडून गेले.

उमाकाकी: वॉलायचं काय केलंत? आतडी कुठे टाकलीत? अस्वल आलं असतं.

सई: तंबूपासून आणि पाण्यापासून लांब जाऊन पुरली काकीआजी. मासा मक्याच्या पिठात घोळवून तळला. तुझा मसाला नेला होता!

उमाकाकी: 🙏🙏 तिरफळ घातलंस?

सचिनदादा: वाऱ्यात अडकलो तो दिवस सगळ्यात चांगला गेला. लेक थ्रीच्या दक्षिणेला २०११ साली पगामी क्रीकचा मोठा वणवा लागला होता. तिथे आता डोक्यावर जाणारी कोवळी झाडं दाट उठलीयत, मधूनच काळे खुंट उभे. सई दिवसभर त्यातनं भटकत होती, जाकीट न काढता. मी सांगितलं नव्हतं.

निलूआते: ते सगळं छान आहे. सई, बाळा, तू बरी आहेस ना? पुढच्या वेळी निघायच्या आधी मला फोन करायचा. मेसेज नाही, फोन.

सई: प्रॉमिस आते ❤️

सचिनदादा: पुढच्या वर्षीच्या परमिटचं बुकिंग जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी उघडतं. एका गटात नऊच माणसं चालतात. कोण येणार ते आत्ता सांगा.

मोठे काका: माझा नाव घाल.

उमाकाकी: अहो, तुमचा पासपोर्ट कधीचाच संपलाय.

विनायककाका: मीही येईन. मंदार, त्याआधी तुझे कौलांचे.